सात वेढे

बायको, छाया, गेल्याचं चारुदत्तला संध्याकाळी सव्वापाचला कळलं. आखातातल्या हमरिया बंदराच्या यार्डात जहाजांचं वेल्डिंग तपासायला जाताना फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागे. बाहेर येऊन पाहिलं तर बारा मिस्ड कॉल. अकरा शेजारच्या खतीजाचे. सगळ्यात आधीचा, दोन वाजून दहा मिनिटांचा, छायाचा.

तिला काय सांगायचं होतं, ते राहून गेलं. रोल्ला भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर लोक भेटायला येत, चहा घेऊन जात. चारुदत्तच्या डोक्यात तेवढंच घोळत राही.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, तो उम्म अल क्वैनच्या खाडीवर गेला. तिथे तो पंधरा वर्षं जिगने मासे धरत होता. जिग म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ. त्यावर बोटभर लांबीचा मऊ प्लॅस्टिकचा मासा ओवायचा, तळाला बसू द्यायचा आणि हलके झटके देत ओढून आणायचा. गळाची गाठ मात्र छाया मारायची, कारण त्याला बारीक दोरी दिसत नसे. ती सात वेढे द्यायची, गाठ तोंडात ओली करून आवळायची आणि उरलेलं टोक दातांनी तोडायची.

आज त्याने स्वतः मारली. पाचच वेढे जमले. टोक लांब राहिलं.

"चारूभाऊ, ही गाठ आहे की बुटाची नाडी?" शेजारी बसलेला वली म्हणाला. वली रत्नागिरीचा, इथे मासळीची व्हॅन चालवायचा. "हामूर मासे हसून मरतील."

"तेवढेच मिळतील मग."

गळ तळाला बसला. चारुदत्तने वीस मोजले. हलका झटका लागला, पण माशाचा नव्हे. त्याने दोरी गुंडाळून आणली.

गाठीला सात वेढे होते. टोक तोडलेलं होतं.

"तू बदललीस?"

"मी? माझ्या हातात चहा आहे, यार."

मोजल्याशिवाय काही मानायचं नाही, हा चारुदत्तचा धंदाच होता. पुढच्या शनिवारी त्याने भिंग नेलं. गाठीचा फोटो काढला, दोरीवर लाल मार्करने खूण केली. पाच वेढे पाण्यात गेले, सात बाहेर आले. लाल खूण जागच्या जागी होती. तोडलेल्या टोकावर दात उमटले होते.

तिसऱ्या शनिवारी त्याने नुसता जिग सोडला. वर आला तेव्हा त्यावर हिरवा प्लॅस्टिकचा मासा होता, अगदी सरळ ओवलेला. चारुदत्तला तो कधीच सरळ ओवता आला नव्हता.

वलीने बघितलं आणि खुर्ची मिटली. "मी पुलाकडे बसतो. तुम्ही पण चला. खलास करा हे."

रात्री मुलीचा, श्रियाचा, फोन आला. "बाबा, धिस इज नॉट हेल्दी. फ्लॅट सोडा आणि अबुधाबीला माझ्याकडे या."

"येतो. एकदा विचारून येतो."

"कोणाला?"

त्याने फोन ठेवला.

चौथ्या शनिवारी वली आला नाही. ओहोटी संपत आली होती, पाण्याला ओढ नव्हती. चारुदत्तने पाच वेढ्यांची गाठ मारली. गळ लांब फेकला.

"त्या दिवशी दुपारी फोन कशाला केला होतास?" तो पाण्याकडे बघत म्हणाला.

वीस झाले. चाळीस झाले.

झटका लागला.

मग दोरी सैल पडली. पडतच गेली. पलीकडचं टोक त्याच्या दिशेने येत होतं. तो रीळ फिरवत नव्हता.

दोरी आली ती थेट त्याच्या पायांसमोर. तिथे पाणी गुडघाभर आणि नितळ होतं. गळ दिसायला हवा होता.

दोरी वाळूत शिरली होती. ती जिथे शिरली होती, तिथली वाळू जराशी वर यायची, परत बसायची.

त्याने रॉड खडकाच्या फटीत रोवला. हात मांडीवर ठेवले.

ऊन डोक्यावर आलं. उत्तर दोरीच्या टोकाला होतं; त्याने ती अजून ओढली नव्हती.