कंदिलाची काच

जग वाचवण्यासाठी इंद्रजीतने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी चिकलठाण्याची नोकरी सोडली. खरं तर कारखान्यानेच त्याला सोडलं होतं. पण संशोधन संस्थेच्या मुलाखतीत पहिलं वाक्य शोभून दिसलं. बावीस वर्षं बॉयलरचे पाइप तपासलेला माणूस आता टँकरने आणलेला कार्बन डायऑक्साइड वैजापूरजवळच्या काळ्या खडकात, आठशे मीटर खोल कसा कोंडावा, याचा अभ्यास करत होता.

कोंडलेला वायू कोंडलेलाच राहतो, असा अहवाल द्यायचा होता. तेवढ्यात वायू सोडायच्या बोअरपासून दोनशे पावलांवरच्या विहिरीत दिवा टिकेना.

गाळ काढायला आलेला कडूबा उतरण्याआधी रिवाजाप्रमाणे कंदील सोडत होता. दिवा विझला तर खाली हवा वाईट, माणूस उतरत नाही. एवढं साधं.

भर दुपारी इंद्रजीतने वायुमापक दोरीने पाण्यापर्यंत सोडला. हवा स्वच्छ. मग कंदील सोडला. विझला.

"तुमचं यंत्र खोटं बोलतंय, साहेब."

"यंत्र बरोबर आहे."

"मंग उतरू म्हणता?"

इंद्रजीतने मापकावरचा आकडा पुन्हा पाहिला.

"वायूनं दिवा बारीक व्हत व्हत जातो," कडूबा म्हणाला. "ह्यो कुणीतरी फुंकलाय. आमच्यात तोंडानं दिवा इझवत नाय कुणी."

"कंदिलाला काच असते, कडूबा."

"तेच म्हंतो." त्याने कंदील पुढे केला. खटका दाबून काच वर उचललेली होती.

संस्थेचे राजेंद्र सर औरंगपुऱ्यातल्या कार्यालयातून फोनवर होते. "गळती आहे का?"

"नाही."

"मग उतरवा त्याला, फोटो काढा, पाठवा."

"दिवा विझतोय, सर. कोणीतरी विझवतंय."

"इंद्रजीत, रकान्यात बसेल असं काहीतरी सांगा."

त्याचं डोकं सणकलं. फुटक्या पाइपला धड म्हणून सही दिली नाही, म्हणून कारखान्याने घालवलं. इथं पाइप धड होता आणि सही होत नव्हती.

त्याने खिशातली बायंडिंग तार काढली, खटका आवळला, पकडीने सात पीळ दिले. दोरी स्वतः सोडली.

वीस फूट. तीस. ज्योत स्थिर.

चाळीस.

अंधार.

कंदील वर आला तेव्हा काच उचललेली होती. तार सरळ करून, तिचं बोटभर वेटोळं करून, कंदिलाच्या कडीला अडकवलेली होती. कारखान्यात सुटी होताना इंद्रजीत ठेवायचा तशी.

कडूबाने दोर गुंडाळला आणि निघून गेला.

इंद्रजीतने दोन ओळी लिहिल्या. गळती: नाही. माणूस उतरवू नये.

छापील अहवालात पहिलीच आली. दुसरीला रकाना नव्हता.