तीन लाल आठवडे

दार वाजलं तेव्हा नीलम घरातच होती, आणि तिने आतूनच ओरडून सांगितलं, "घरात कोणी नाही!"

बाहेरून एक पुरुषी आवाज आला, हसू दाबलेला. "बरं... मग जे कोणी नाहीत, त्यांच्याशी दोन मिनिटं बोलता येईल का? दिशाच्या कॉम्प्युटरबद्दल बोलायचं होतं."

आता हसू नका. नीलमने खिडकीच्या फटीतून त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र आणि काखेतली फाईल पाहिली होती. घाटकोपरच्या त्या डोंगरावरच्या वस्तीत असा माणूस आला की भल्याभल्यांचं धाबं दणाणतं. कोणी घरं मोजायला येतं, कोणी मीटर कापायला. त्यात नीलमला भीती वाटायला कारणही लागत नसे. सकाळी खालच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पन्नास-पन्नास लोकांचं रक्त काढणारी ही पंचवीस वर्षांची मुलगी, सुईला कधी घाबरली नाही. पण दारावर थाप पडली की ही खाटेआड!

तिने कडी काढली. तो आत आला आणि येता येताच चौकटीवर त्याचं डोकं आपटलं.

"आई गं!"

"लागलं?" नीलमने घाबरून विचारलं.

"नाही, नाही... म्हणजे, लागलं." कपाळ चोळत तो म्हणाला, "मी सिद्धेश. योजनेच्या ऑफिसातून आलोय. तुमचा मागचा आठवडा लाल झालाय."

कोपऱ्यात स्टुलावर, ओढणीने झाकलेला तो छोटा कॉम्प्युटर सरकारी योजनेतून आला होता. जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांनी घरच्या घरी रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस त्याच्यासमोर बसायचं. पडद्यावर खारूताई यायची, अक्षरं ओळखायला लावायची, आकडे मोजून घ्यायची आणि उत्तर बरोबर आलं की टुणकन उडी मारायची. आठवड्याचे पाचही दिवस भरले की आठवडा हिरवा. एक जरी चुकला, की लाल. आणि लाल झाला की सिद्धेशच्या मोबाईलवर कळायचं आणि त्याला घरी येऊन बघावं लागायचं.

"हिला कांजिण्या झाल्यात," नीलमने खाटेकडे बोट दाखवलं. तिच्या मोठ्या बहिणीची, जयाची, पाच वर्षांची दिशा अंगभर ठिपके घेऊन पडली होती.

सिद्धेश तिच्यापासून चार हात लांब, जमिनीवर मांडी घालून बसला. "किती ठिपके आहेत गं? मोजलेस?"

"वीसपर्यंतच येतात मला," दिशा म्हणाली.

"मग वीसच मोज. बाकीचे बरे होईस्तोवर जातीलच."

दिशा खुदकन हसली. नीलमलाही हसू आलं, आणि आपण परक्या माणसासमोर हसतोय हे लक्षात येताच तिने घाईघाईने चहाचं आधण ठेवलं. तो चहा पिऊन गेला. जाताना मात्र वाकून गेला, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने एकदा मागे वळून पाहिलं. बस, एवढंच झालं. पण त्या दिवशी नीलमने भाजीत दोनदा मीठ घातलं.

दिशा बरी झाली. पुढचे तीन आठवडे हिरवेगार गेले. दिशा धडाधड अक्षरं ओळखू लागली. साबणाच्या वेष्टनावरचा 'स' वाचून नाचली. जया तर हवेतच होती. खासगी नर्सिंग होममध्ये आयाचं काम करून ती रात्री आठला घरी यायची. नवरा टेम्पो घेऊन भिवंडीला जायचा, त्याच्या येण्याजाण्याचा भरवसा नव्हता. म्हणून दिशाची पंधरा मिनिटं ही जबाबदारी मावशीची, म्हणजे नीलमची. जया लहानपणी वर्षाच्या मध्येच गावाहून मुंबईत आली होती. अक्षरओळख नसलेल्या पोरीला बाईंनी शेवटच्या बाकावर बसवलं, ते सातवीत शाळा सुटेपर्यंत ती तिथेच राहिली. "माझी पोर पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर बसणार," ती रोज एकदा तरी म्हणायचीच.

सगळं झकास चाललं होतं. आणि सगळं झकास चाललं होतं म्हणूनच तो येत नव्हता.

नीलम दुपारी लॅबमधून आली की केस पुन्हा विंचरायची. पायरीवर पावलं वाजली की दाराशी धावायची, पण यायचं कोण, तर शेजारची रेवती, कढीपत्ता मागायला! शेवटी एका शुक्रवारी पंधरा मिनिटांच्या वेळेला नीलमने दिशाला चपला घातल्या. "चल, बागेत जाऊ." झोपाळ्यावर तिने दिशाला झोके दिले. एका आठवड्याने काय होतंय, तिने मनाला समजावलं.

सोमवारी तो हजर.

"कॉम्प्युटर बरा आहे ना?"

"एकदम झकास."

"आणि दिशा?"

"तीही."

"मग शुक्रवारी काय झालं?"

"शुक्रवारी... पाहुणे आले होते."

"किती?"

"हे फॉर्ममध्ये लिहायचंय का तुम्हाला?"

"नाही," तो हळूच म्हणाला, "मला असंच विचारायचंय. तुमच्याशी बोलायला दुसरं काही सुचलं नाही म्हणून."

नीलमच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात खाटेवरून दिशा म्हणाली, "पाहुणे नव्हते आले. आम्ही बागेत गेलो होतो."

झालं! नीलमला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सिद्धेशने तिच्याकडे पाहिलं... बराच वेळ पाहिलं. मग फाईलमधून एक पिवळा कागद अर्धा बाहेर काढला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि कागद पुन्हा आत सरकवला.

"चहा मिळेल?" त्याने विचारलं.

तो गेल्यावर नीलमने दिशाला मांडीवर घेतलं. "बागेचं कोणाला सांगायचं नाही हं. आईला पण नाही. आपलं गुपित."

"प्रॉमिस," दिशा म्हणाली.

माणूस एकदा चुकला तर त्याला चूक म्हणतात. नीलमने दोन आठवड्यांनी पुन्हा तेच केलं, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. फक्त एकदाच, असं ती स्वतःला सांगत राहिली. तो काय म्हणायचा राहिला होता, ते तिला ऐकायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी जयाच्या मोबाईलवर मेसेज आला. 'आपल्या पाल्याचे तीन आठवडे लाल झाले आहेत. नियमानुसार संगणक सोमवारी दुपारी तीन वाजता परत घेऊन प्रतीक्षा यादीतील पुढील कुटुंबास देण्यात येईल.'

नीलमच्या तोंडचं पाणी पळालं. परत? हा नियम तर कोणी सांगितलाच नव्हता!

जयाने मेसेज तीनदा वाचला. मग ती दिशाकडे वळली. "बसत नाहीस ना तू? मावशी सांगते तरी बसत नाहीस?"

दिशाने मावशीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"बोल ना! मी दिवसभर लोकांची घाण काढते ती कशासाठी? तुला पण मागेच बसायचंय का?" आणि जयाचा हात उठला. पाठीत एकच धपाटा बसला, पण तो आवाज नीलमच्या काळजात गेला. दिशा रडली, हुंदके दिले, पण बागेचं नाव काढलं नाही. प्रॉमिस केलं होतं ना.

बोल, नीलम, आत्ता बोल... पण बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागणार होतं. ताई काय म्हणेल? घराबाहेर काढेल? एका परक्या पोरासाठी माझ्या लेकीचं वाटोळं केलंस, असं म्हणाली तर त्याला उत्तर काय? रविवारी तिला अन्न गेलं नाही. दिशाने मात्र कॉम्प्युटरसमोर बसून खारूताईला सांगितलं, "सॉरी हं. तू जाऊ नको." ते ऐकून नीलम मोरीत जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडली.

सोमवारी जया अर्धी रजा टाकून घरी आली. तीनच्या ठोक्याला सिद्धेश दारात उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, एक डाव माफी द्या," जयाने हात जोडले. "पोर लहान आहे, तिला अक्कल नाही. आता मारून बसवते..."

"ताई, दिशाची चूक नाही!"

नीलमचा आवाज इतका मोठा निघाला की ती स्वतःच दचकली. तिने स्टूल धरलं.

"ती रोज बसायची. मीच तिला बागेत नेलं, दोनदा. मुद्दाम नेलं. आठवडा लाल झाला की... हे येतात, म्हणून. मला हे यायला हवे होते, ताई. परत नेतात हे मला माहीत नव्हतं, शपथ. दिशाला मीच गप्प बसायला सांगितलं होतं."

सिद्धेशने खाली मान घालून फाईलमधून तो पिवळा कागद काढला.

"तुम्हाला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या लाल आठवड्याला हा नियम घरच्यांना वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची, हे माझं काम होतं. मी त्या दिवशी काढलाही होता. पण मला वाटलं, नियम कळला की तुमचा आठवडा पुन्हा कधी लाल होणार नाही. मग मी कुठल्या निमित्ताने येणार होतो? म्हणून वाचलाच नाही."

नीलमने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या भीतीतही, या वेळीही, तिच्या अंगावर गोड शहारा आला, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली.

जया एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. "म्हणजे तुम्हा दोघांना एकमेकांची तोंडं बघायची होती," ती सावकाश म्हणाली, "आणि मार माझ्या पोरीने खाल्ला?"

जयाने दिशाला उचलून घट्ट छातीशी धरलं आणि आता रडायची पाळी तिची होती.

सिद्धेशने भिंतीला टेकून एक कागद लिहिला. 'कुटुंबाला नियम सांगण्यात माझ्याकडून हयगय झाली. सही घेतलेली नाही. तिसरा लाल आठवडा धरू नये.' खाली सही केली. नीलमच्या नावाचा त्यात उल्लेखही नव्हता.

"अहो, तुमची नोकरी जाईल!" नीलम म्हणाली.

"जाईलही. वाट लागली तर माझी लागू दे. तिची नको." त्याने कॉम्प्युटरला हात लावला नाही. तसाच निघून गेला.

मग पाच दिवस. काय सांगावं त्या पाच दिवसांचं! जया नीलमशी कामापुरतं बोलायची. दिशा रोज पंधरा मिनिटं बसायची आणि नीलम शेजारी बसून दाराकडे बघत राहायची, की आता कोणी येईल, वायर काढेल आणि मशीन घेऊन जाईल. त्याचं काय झालं असेल? फोन करायचा धीर नव्हता. शनिवारी जयाच्या मोबाईलवर मेसेज आला: संगणक राहील. जयाने मेसेज वाचला, डोळे पुसले आणि पाच दिवसांत पहिल्यांदा नीलमच्या पाठीवर हात ठेवला. "भित्री भागूबाई," ती म्हणाली, "बोललीस एकदाची."

रविवारी सकाळी सिद्धेश आला. गळ्यात ओळखपत्र नव्हतं, काखेत फाईल नव्हती. जयाने त्याला आत बोलावलं आणि दिशाला घेऊन ती मुद्दाम रेवतीकडे गेली.

"नोकरी?" नीलमने विचारलं.

"आहे. पण घाटकोपर काढून घेतलं. उद्यापासून कांदिवली. तुमच्या दिशाशी आता माझा काही संबंध नाही."

"आणि... माझ्याशी?"

तो शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिला. नीलमच्या लक्षात आलं, हा माणूस घाबरलाय. आपल्याइतकाच, कदाचित जास्त.

"मला भीती वाटते, सिद्धेश," ती म्हणाली. "आमचं घर तू पाहिलंस. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, आडनाव तुझ्या फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. तुमची माणसं मालवणकडची, चहा पिताना तूच सांगितलंस. तुझ्या घरी काय म्हणतील?"

"आईला सांगितलं मी. नाव, आडनाव, वस्ती, बाग, सगळं."

"मग?" नीलमने विचारलं.

"दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. ताट वाढायची आणि आत जायची. आज सकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघताच म्हणाली, 'काय आवडता रे तिका खावक?'"

नीलमच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, माहीत नाही. विचारून येतो."

नीलम हसली, रडली, पुन्हा हसली. मग ओढणीने नाक पुसून तिने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणाली, "बोंबील. कुरकुरीत तळलेले. आणि सांग, मी पुढच्या रविवारी येते."