मंगळवार-शुक्रवारची ट्रायल

जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो, मग टायरला लाथ मारतो आणि मग गाडीला नावं ठेवायला लागतो. बुद्धभूषण यातलं काहीही न करता थेट मागच्या सीटवर जाऊन आडवा झाला.

तेजल फाटकापाशी उभी राहून बघत होती. उघड्या दारातून त्याचे फक्त मोजे दिसत होते. एक काळा, एक निळा.

"झोपायला घेताय का गाडी?" तिने विचारलं.

तो दचकून उठला आणि डोकं छताला आपटलं. "नाही... आईसाठी बघत होतो. तिला टेकून बसावं लागतं." आणि डोकं चोळत हसला.

तेजल दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. खोटे दात घडवण्यात दिवस घालवणाऱ्या बाईला खरं हसू लगेच ओळखू येतं; कधी कधी — नाइलाजाने — आवडतंही.

गाडी तिच्या वडिलांची, वाल्मीकरावांची. ते औषध कंपनीचे प्रतिनिधी. दोन लाख नव्वद हजार किलोमीटर फिरून त्यांनी सटाण्यापासून सुरगाण्यापर्यंत साऱ्या जिल्ह्याला खोकल्याचं औषध पाजलं आणि स्वतः गेल्या वर्षी छातीत दुखत असताना कुठलंही औषध न घेता गेले. आई आधीच गेलेली. इंदिरानगरच्या घरात आता तेजल आणि गाडी अशा दोघीच उरल्या होत्या. गाडीची पंधरा वर्षांची मुदत महिनाअखेर संपत होती. खालचा पत्रा कुजलेला. अशी गाडी पुन्हा पास होणार नाही, असं मेकॅनिकने डॉक्टरी आवाजात सांगून टाकलं होतं. त्याआधी कुणी नावावर करून घेऊन डागडुजी केली तर ठीक, नाहीतर भंगारवाला. बाबांची गाडी कुणी कटरने कापावी, एवढं मात्र तिला नको होतं.

"ट्रायल मारू?" बुद्धभूषणने विचारलं.

कोपऱ्यावर त्याची आई, विमलाबाई, योगायोगाने उभी होती. हातात चादर, पाण्याची बाटली आणि जाडजूड फाइल. योगायोग बऱ्यापैकी तयारीने आलेला दिसत होता.

"आईला पसंत पडल्याशिवाय आमच्याकडे काही घेत नाहीत," तो म्हणाला.

ट्रायल सरकारी दवाखान्याच्या दारात थांबली. विमलाबाईंचं तिथे 'थोडं काम' होतं. "आता चार तासांनी पुन्हा चालवून बघू," बुद्धभूषण गंभीरपणे म्हणाला. "गाडी पूर्ण गार झाल्यावर कशी सुरू होते, ते महत्त्वाचं." तेजलला हे शास्त्रशुद्ध वाटलं. शुक्रवारी त्याला ब्रेक तपासायचे होते. पुढच्या मंगळवारी वळणं. सगळी वळणं दवाखान्याकडेच जाणारी निघाली.

त्या मंगळवारी द्वारका चौकाच्या सिग्नलला एका स्कूटरवाल्याने काचेवर टकटक केली. "ओ सर! घेतली वाटतं ही शेवटी? माझ्या गाडीला पाच ट्रायल मारल्या आणि गायब झालात!"

बुद्धभूषणचे कान लाल झाले.

"हा चांगला माणूस," मागून विमलाबाई म्हणाल्या. "ह्याच्या गाडीला एसी होता."

सिग्नल सुटला. "गाडी बाजूला घ्या," तेजल म्हणाली. त्याने घेतली.

"डायलिसिस आहे आईचं. आठवड्यातून दोनदा," तो म्हणाला. "डायलिसिस फुकट होतं, सरकारी योजना आहे. पण तिथपर्यंत पोचणं योजनेत बसत नाही. बसमध्ये चढवत नाही, आणि येताना रिक्षात खड्डा आला की ती ओरडते. मी क्लासमध्ये गणित शिकवतो, पगार... अधूनमधून होतो. नाशकातल्या विकाऊ गाड्या संपत आल्यात, मॅडम. तुमची जवळजवळ शेवटची."

तो उतरला, मागचं दार उघडून त्याने आईला हात दिला. बाईंनी पाय खाली ठेवला. तो पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आला होता. तेजलने तो पाहिला.

"बसा मावशी," ती म्हणाली. "आणि तुम्ही हो, गाडी चालवा. रस्त्यात अशी सोडून जायची नसते ट्रायल."

त्यानंतर ट्रायल रीतसर सुरू झाली. तेजलने लॅबमधून मंगळवार-शुक्रवारची सुटी काढली. पहिल्या गिअरला त्याचा हात तिच्या ओढणीजवळ यायचा, त्यामुळे गाडी बराचसा रस्ता पहिल्या गिअरमध्येच चालायची. दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली दोघं चार तास बसायची. पांढरा मोहोर काचेवर पडत राहायचा, तो डबा उघडायचा, ती त्याच्या पोळ्यांचा आकार बघून भूमितीची चौकशी करायची. आत बाई शेजारणींशी गप्पा मारायच्या. शेजारच्या खाटेवरची एक बाई एका शुक्रवारी दिसली नाही. विमलाबाईंनी तिची उशी मागून घेतली. मऊ होती म्हणे.

"पोरी, हा काही गाडी घ्यायचा नाही," परतताना बाई एकदा म्हणाल्या.

"माहितीये, मावशी."

"मग?"

"मग... काय. विकणारीला तरी कुठे घाई आहे?"

बुद्धभूषणने नको तिथे हॉर्न वाजवला.

घाई खरं तर होती. महिना संपत आला होता. निफाडच्या एका द्राक्षबागायतदाराचा, हर्षलचा, फोन आला. "ताई, फोटो बघितले. पत्रा मी बदलून घेतो, गाडी पास करून घेतो. किंमत तुमची. शुक्रवारी सकाळी येतो, त्याच दिवशी नावावर करू. नंतर मला मुंबईला माल घेऊन जायचंय, मग नाय जमायचं."

"शुक्रवारी गाडी ट्रायलला जाणार आहे."

"परत ट्रायल? लय झालं की, ताई! गाडी विकताय का मुलगी दाखवताय?"

तेजलने फोन ठेवला. बुद्धभूषणने शेजारून सगळं ऐकलं होतं.

"विकून टाका," तो म्हणाला. "वेडेपणा करू नका. बाबांची गाडी आहे."

"आणि मावशींना कसं नेणार?"

"बघतो. पंचवटीत एक हिरवी गाडी निघालीय विकायला."

"कोण विकतंय?"

"एक... आजोबा आहेत."

"घरात मुलगी आहे?"

"नसावी."

"नसावी म्हणजे? नीट चौकशी केली नाहीत?" ती एवढी तडकून म्हणाली की तिची तीच गोंधळली. मग दोघंही हसली... आणि शुक्रवारी ट्रायल झाली.

महिना संपला. गाडी कायद्याने मेली, पण मंगळवारी सकाळी तिला कुणी सांगितलं नसावं. नेहमीसारखी सुरू झाली.

त्याच मंगळवारी वॉर्डातल्या नर्सचा फोन आला. मशीन चालू असतानाच विमलाबाईंचं हृदय थांबलं होतं. फोन वाजला तेव्हा कडुनिंबाखाली दोघं कशावर तरी हसत होती. कशावर, ते नंतर दोघांनाही आठवलं नाही.

तासाभराने तो बाहेर आला. शववाहिका कुठल्या तरी तालुक्याला गेलेली होती. कधी येईल, ते कुणी सांगत नव्हतं. या माणसाकडे नेहमी कारणं तयार असायची. ब्रेक, वळणं, गार इंजिन. आज तो एवढंच म्हणाला, "आईला घरी न्यायचंय."

तेजल मागे बसली. बाईंचं डोकं तिने मांडीवर घेतलं. स्पीडब्रेकर आला की तो सवयीने म्हणायचा, "आई, धरून बस." आणि मागे तेजल धरून बसायची.

पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याचा ट्रक आला. तो गाडीला साखळी लावत असताना फाटकात बुद्धभूषण उभा दिसला. दाढी वाढलेली, हात रिकामे.

"माझ्यामुळे झालं हे," गाडीकडे बघत तो म्हणाला.

"मी केलं. मला कुणी करायला सांगितलं नव्हतं."

साखळी ताणली गेली. मागची चाकं जमिनीवरून उचलली गेली.

"रविवारी आईचं पुण्यानुमोदन आहे," तो म्हणाला. "बुद्धवंदना होईल, मग जेवण. याल तुम्ही?"

"कोण म्हणून येऊ?"

तो चाचरला. "म्हणजे... मावश्या आहेत, काका आहेत. विचारतील सगळे. आईच्या ओळखीच्या म्हणून..." तो थांबला. पायाखालची खडी चपलेने सारखी केली. मग मान वर केली. "नाही. माझी म्हणून या."

ट्रक हलला. दोन लाख नव्वद हजार किलोमीटर चाललेली गाडी शेवटची गल्ली उलटी, ओढत नेली गेली. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा तेजल रडली. वडील गेले तेव्हाही रडली नव्हती, तशी मोठ्याने, शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडतील अशी. बुद्धभूषणने 'रडू नका' म्हटलं नाही. जवळ येऊन फक्त तिचा हात धरला आणि उघडलेल्या खिडक्या मोजत बसला नाही.

"किती वाजता आहे रविवारी?" नाक पुसत तिने विचारलं.

"अकराला."

"मग मी नऊला येते," ती म्हणाली. "एवढ्या माणसांचा चहा एकट्याने व्हायचा नाही तुमच्याने."