करंजडोहची उभी लाट

"ऊठ! ऊठ! ऊठ!" मयूरी काठावरून ओरडली.

धवल फळीवर पालथा पडला होता. त्यानं छातीजवळ तळवे टेकले, पाय झपकन पोटाखाली ओढले आणि तो खरंच उभा राहिला! दोन्ही हात पसरून "बघा!" म्हणाला आणि पुढच्याच क्षणी धप्पकन पाण्यात पडला.

"बघितलं की!" मुजीब खदखदून हसला. "लय झकास पडतोस गड्या!"

"पायांकडे बघितलंस ना? म्हणून पडलास," कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले बाबा म्हणाले. "गुडघे वाकव आणि नजर समोर ठेव. जिकडे बघशील तिकडे फळी जाते."

मयूरी आणि धवल दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून आत्याच्या गावी, करंजडोहला आले होते. त्यांचे बाबा, अनंत, मालवाहू बोटीवर इंजिनिअर होते. या वर्षी त्यांना नेमकी दिवाळीत रजा मिळाली होती. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळ्या घेऊन नाचणारी माणसं त्यांनी पाहिली होती, आणि तिथल्या एका म्हाताऱ्याकडून सुट्टीच्या दिवशी धडेही घेतले होते. पण करंजडोहला समुद्र कुठला? होती ती कृष्णामाई!

तरी बाबांनी लाट शोधलीच. गावच्या बंधाऱ्यापासून थोडं खाली नदी एका उतरत्या कातळावरून घसरायची आणि पायथ्याशी पाण्याचा एक फुगवटा सतत जागच्या जागी उभा असायचा. "समुद्रात लाट धावते," बाबा म्हणाले होते. "इथे पाणी धावतं आणि लाट थांबते. आपल्याला काय, उभं राहण्याशी मतलब!"

फळी दिली त्यांचा इथला दोस्त मुजीब याच्या अब्बांनी. दिलावरचाचा बंधाऱ्याचे राखणदार. बंधाऱ्याच्या खांबांमध्ये लाकडी फळ्या एकावर एक बसवून पाणी अडवायचं. त्या फळ्यांना म्हणायचं बरगे. पावसाळ्यात ते काढून शेडमध्ये रचायचे, दिवाळीच्या सुमाराला पुन्हा बसवायचे. त्यातला एक भेगाळलेला, टाकून दिलेला बरगा चाचांनी मुलांना दिला. सुताराने तो तासून पातळ केला, पुढचं टोक वर वळवलं. पाय घसरू नये म्हणून मुलांनी त्यावर मेणबत्ती घासली. फळी वाहून जाऊ नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा केला. त्याचं एक टोक फळीला, दुसरं घोट्याला!

"आता माझी पाळी!" मुजीबची धाकटी बहीण अर्शिया पुढे झाली.

तेवढ्यात काठावरून करडा आवाज आला.

"ती फळी हिकडं आणा!"

सरपंच नानासो उभे होते. डोक्याला फेटा, मिशा पिळदार. त्यांच्यामागे दिलावरचाचा मान खाली घालून उभे होते.

"आज बरगे बसवाय काढलं, तर ढिगातलं निम्मं गायब!" नानासो म्हणाले. "आन् हितं पोरं बरग्यावर नाचाय लागल्यात! दिलावर, असंच वाटलंस व्हय रं सगळं?"

"न्हाई नानासो! ह्यो एकच दिला. फुटका होता…"

"एक दिला का पन्नास, कुणी बघितलं? बरगे न्हाईत तर पाणी न्हाई. पाणी न्हाई तर गावानं उन्हाळ्यात काय करायचं?" नानासोंनी हिसका देऊन पट्टा तोडला आणि फळी काखेत मारली. "रविवारी सकाळी टीव्हीवरची मालिका संपली की ग्रामसभा. तवर बरगे सापडलं तर ठीक. न्हाईतर दुसरा राखणदार बघतो!"

ते गेले. चाचा बंधाऱ्याकडे वळले. मुजीबने ट्यूबचा तुटका पट्टा मुठीत घट्ट धरला होता.

"माझे अब्बा चोर न्हाईत," तो म्हणाला.

"अरे, आम्हाला माहीतच आहे!" धवल उसळून म्हणाला.

"तुमाला हाय. गावाला कोन सांगनार?"

मयूरी म्हणाली, "आपण सांगणार. पण आधी बरगे शोधून!"

दोन दिवस चौघांनी गाव पालथं घातलं. गोठे बघितले, कडब्याच्या गंजीमागे डोकावले, सुताराचं दुकान तपासलं. वीटभट्टीवर तर एक कुत्रं धवलच्या मागे लागलं!

"बरगा सापडला नाही, पण तुझा पळण्याचा सराव झाला," मयूरी म्हणाली.

"तू हसू नकोस! माझी चप्पल गेली!"

शनिवारी दुपारी चौघं चावडीसमोरच्या स्टेजवर येऊन बसले. गणपतीत घातलेलं ते स्टेज नवरात्रातही उपयोगी पडलं आणि तसंच उभं राहिलं. त्यावर लाल जाजम अंथरलेलं होतं. उद्याची सभा इथेच व्हायची होती.

"नुसतं बसून डोकं चालत नाही," मयूरी म्हणाली. "बाबा काय म्हणतात? लाट नसली तरी सराव चुकवायचा नाही. चला, पालथे पडा!"

"आत्ता?" धवल कुरकुरला.

"आत्ता! हात छातीशी. एक, दोन, तीन, ऊठ!"

धडाम! चौघं उठले. पुन्हा पडले, पुन्हा उठले. पाचव्या खेपेला तिघंच उठले. अर्शिया जाजमाला नाक लावून तशीच पडून राहिली.

"झोपलीस काय गं?" मुजीबने विचारलं.

"भाईजान, हितं वास येतोय."

"कसला?"

"आपल्या फळीचा! डांबराचा आन् नदीचा."

चौघंही जाजमाला नाक लावून हुंगू लागले. वाटेने जाणारी एक म्हातारी थांबली, "आगं बया, काय झालं ह्या पोरास्नी!" म्हणाली आणि लगबगीने निघून गेली.

मयूरीने जाजमाची कड उचलली. खाली डांबर फासलेल्या जाड फळ्या होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात आकडा, आणि दोन्ही टोकांना लोखंडी कड्या!

"बरगे!" धवल किंचाळला. मयूरीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"चला, नानासोंना सांगू!" तो बोटांमधून म्हणाला.

"नको," मुजीब म्हणाला. "म्हनतील, दिलावरनंच हितं लपवलं."

"थांबा," मयूरी म्हणाली. "स्टेज गणपतीत घातलं. तेव्हा चाचा कुठे होते?"

"मिरजेला," अर्शिया म्हणाली. "अम्मीचं ऑपरेशन होतं. सगळा गणपती आमी दवाखान्यातच होतो. शेडची चावी अब्बांनी नानासोंकडं दिलती."

चौघांनी पुन्हा जाजमाखाली बघितलं.

"म्हंजे नानासोंनीच…?" मुजीबचे डोळे मोठे झाले.

"आणि ते विसरलेत!" मयूरी म्हणाली. "त्यांना एकट्याला गाठून सांगितलं, तर बरगे गुपचूप शेडमध्ये जातील. पण चाचांवरचा आळ? तो गावभर झालाय, गावासमोरच पुसला पाहिजे."

संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "एक लक्षात आलंय ना? बरगे बसले की खालचं पाणी कमी होईल. तुमची लाट राहणार नाही."

हे मयूरीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नाही राहिली तर नाही राहिली," ती म्हणाली.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी उद्या पुढे बसतो. बोलायचं तुम्ही."

रविवारी मालिका संपली आणि अख्खं गाव चावडीपुढे जमलं. नानासो स्टेजवर चढले. हातात मुलांची फळी होती.

"मंडळी! हा पुरावा!" त्यांनी फळी उंचावली. "गावाच्या बरग्यावर कुणी हात टाकला, त्याला मी सोडणार न्हाई! पाताळातनं शोधून काढीन!"

दिलावरचाचा कोपऱ्यात उभे होते. मुजीब त्यांच्याजवळ गेला नाही. तो थेट स्टेजवर चढला. मागोमाग बाकीचे तिघं.

"नानासो, आधी ही फळी कशासाठी आहे ते तरी बघा," मयूरी म्हणाली. "हिच्यावर उभं राहायला भारी ताकद लागते!"

धवल जाजमावर पालथा पडला आणि टुणकन उठला.

"ह्यात कसली ताकद!" नानासो हसले. "ह्यो तर जोर! तुमच्या वयात मी तालमीत हजार मारत हुतो."

"हजार?" धवल म्हणाला. "आता एक तरी जमेल का?"

गर्दीत हशा पिकला. मागून कोणीतरी शिट्टी घातली. "व्हऊन जाऊ द्या नानासो!"

नानासोंच्या मिशा थरथरल्या. त्यांनी फेटा काढून अर्शियाच्या हातात दिला, बाह्या सारल्या.

"जाजम घसरतंय, नानासो," मुजीब पटकन म्हणाला. "गुंडाळतो जरा. तुमाला लागाय नको."

"गुंडाळ, गुंडाळ! बघ म्हणावं आता!"

मुजीबने जाजम गुंडाळलं. नानासो पालथे पडले. हात छातीशी घेतले. नाक फळीपासून चार बोटांवर आलं. आणि ते तसेच पडून राहिले!

"उठा की आवं!" लोक ओरडले.

"कंबर धरली काय?"

"थांबा रं!" नानासोंचा आवाज खालून आला, पण त्यातली गुर्मी गेली होती. त्यांनी बोटाने पांढरा आकडा पुसून बघितला. मग कडी चाचपली. मग शेजारची फळी. "हे… हे तर बरगे! हितं कुणी आणलं?"

गर्दी स्टेजकडे सरकली.

"नानासो," मयूरीने विचारलं, "गणपतीत चाचा मिरजेला होते, तेव्हा शेडची चावी कोणाकडे होती?"

नानासो हळूच उठून तिथेच मांडी घालून बसले. कपाळावर हात मारला.

"माझ्याकडं! नाथाजी मंडपवाला आलता. म्हनला, स्टेजला फळ्या कमी पडत्यात. मी तिकडं लाऊडस्पीकरवाल्याशी भांडत हुतो. चावी फेकली आन् म्हनलं, घे शेडमधनं काय गावंल ते! पुढं पार इसरून गेलो. नाथाजी वडूजला गेला, आन् मी चोर शोधत बसलो. तेबी बरग्यावरच उभं राहून!"

आधी कोणीच हसेना. मग नानासोच खो खो हसू लागले आणि सगळं गाव हसलं.

हसू ओसरल्यावर ते उठले. स्टेजवरून उतरून कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

"दिलावर, तू दवाखान्यात हुतास, हे मला ठावं हुतं. तरीबी तुला बोललो. चुकलं माझं." गावाकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "ऐका रं! राखणदार दिलावरच. आन् ह्या पोरांनी गावाचं पाणी राखलं. लय हुशार, आन् लय चावट!"

"नानासो, जोर राहिला!" मागून कोणीतरी ओरडलं.

"गप बस रं!"

दुपारी तालमीतल्या पोरांनी बरगे बंधाऱ्यावर वाहून नेले. दिलावरचाचा एकेक बरगा खाचेत सोडत होते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी चढू लागलं. खाली कातळावरची लाट हळूहळू बसत चालली होती. चौघं फळी घेऊन काठावर उभे होते.

चाचांनी वरून ते पाहिलं. शेवटचे बरगे शिल्लक होते. त्यांनी हातातला बरगा खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि ते कठड्यावर बसले.

"बसलात का आवं?" तालमीतला एक जण म्हणाला.

"दम खातो जरा," चाचा म्हणाले. मग काठाकडे बघून हाक दिली, "मुजीब! पाणी हाय तवर उभं ऱ्हावा! मी अजून बघितलं न्हाई तुमचं नाचणं."

बाबा आधीच पाण्यात उतरले होते. धवल गेला, मयूरी गेली. अर्शिया उभी राहिली ती उतरायलाच तयार होईना. सगळ्यात शेवटी मुजीब गेला. गुडघे वाकवून, नजर समोर ठेवून तो लाटेवर उभा राहिला. समोर बंधारा होता आणि बंधाऱ्यावर त्याचे अब्बा.

चाचांनी मनसोक्त बघून घेतलं. मग उठून बरगा उचलला.

"टाकू का आता?"

"टाका!" चौघंही एकदम ओरडले.