निळ्या चहाखान्याचा कोपरा

पटो न पटो, हे घडलंय. ताश्कंदच्या सेरगेली भागात, मागच्या जानेवारीत... आणि तेही भर दुपारी.

सेरगेलीत घराचा नंबर कोणी सांगत नाही. खूण सांगतात. पाण्याच्या टाकीजवळ. जुन्या गिरणीच्या मागे. गिरणी पाडून दहा वर्षं झाली, तरी लोक गिरणीच सांगतात. टॅक्सीवाला एरगाश याची थट्टा करायचा.

"आमच्याकडे नसलेल्या गोष्टीच आधी सापडतात!"

आता तो थट्टा करत नाही. निळ्या चहाखान्याकडे जाणारं भाडंही घेत नाही.

त्या दुपारी जावयाचा, बख्तियोरचा फोन आला.

"मामा, मुनिराच्या कळा सुरू झाल्यात. रक्त जातंय. ॲम्ब्युलन्स निळा चहाखाना शोधत कुठंतरी भरकटलीय. तुम्हीच या, लवकर!"

मुनिरा. एरगाशची एकुलती एक लेक.

त्याने गाडी काढली. धुकं एवढं, की समोरचा खांब दिसेना. वाट पायाखालची, पण लेकीच्या गल्लीचं वळणच सापडेना.

आणि मग...

निळा दरवाजा दिसला.

आतून पेल्यांची किणकिण येत होती. माणसाचा आवाज मात्र एकही नव्हता.

दारात एक म्हातारा उभा होता. अंगात जाड झगा, कमरेला रुमाल आवळलेला. घरात मयत झालं की पुरुष असेच कंबर बांधून दारात उभे राहतात. अशा दारावरून दुआ न करता पुढे जायचं नसतं.

एरगाशचा जीव टांगणीला लागला होता. तरी सवयीने हात उठले. काच खाली करून त्याने घाईघाईत दुआ म्हटली, तळवे तोंडावरून फिरवले.

"कोण गेलं, बाबा?"

 म्हाताऱ्याने फक्त हात केला... डावीकडच्या गल्लीकडे.

मुनिराचीच गल्ली! एरगाशला हायसं वाटलं. त्याने गाडी वळवली.

दवाखान्यात वेळेवर पोहोचले. संध्याकाळी मुलगी झाली. मुनिरा थकली होती, पण हसली.

"बाबा, नाक तुमच्यावर गेलंय बिचारीचं!"

बाहेर आल्यावर एरगाशने बख्तियोरला सहज विचारलं, "चहाखान्यात कोण गेलं रे?"



"मामा, चहाखाना पाडून तीन वर्षं झाली. त्याचा दरवाजा आपणच नाही का आणला, कोंबड्यांच्या खुराड्याला?"

खरंच की. धुक्यात, घाईत एरगाशला ते आठवलंच नव्हतं.

पहाटे मुनिराला पुन्हा रक्त जाऊ लागलं.

ते थांबलं नाही.

दुसऱ्या दुपारी धुकं नव्हतं. कोपरा मोकळा होता. नुसती माती.

गल्लीत, मुनिराच्या दारात, बख्तियोर उभा होता. जाड झगा... कमरेला रुमाल.

एरगाशने दुआसाठी हात उचलले. ओठ हलेनात.

या घरची दुआ तो काल म्हणून गेला होता.