न्यूट्रल हाय का?

चाकणचं कंत्राट का सोडलं म्हणून सगळ्या विचारतात. मी प्रत्येकीला वेगळं कारण सांगते. कुणाला गुडघे, कुणाला ट्रॅफिक. वर्षाली, तू माझी नणंद, तुला काय फसवणार? लाइट येईपर्यंत खरं ते सांगते. मध्ये हसू मात्र नकोस. माझं मी हसून घेतलंय.

भोसरीतलं माझं किचन तुला माहितीय. मी आणि सहा बायका. एकशे चाळीस माणसांचं जेवण चाकणच्या एका कंपनीत साडेबाराच्या सुट्टीआधी पोचवायचं. आधी ड्रायव्हर होता. तो लग्नासाठी म्हणून गावी गेला, आणि सुखात असावा, कारण परत आला नाही. मग बेचाळिसाव्या वर्षी मीच स्टिअरिंगवर बसले. तुझा दादा म्हणायचा, "पद्मा, तू गाडी चालवत नाहीस, तिची समजूत काढतेस."

पिकअप जुनी. आळंदी रोडच्या इंदुताईंकडून घेतलेली. मालक वारले म्हणून विकतेय, एवढंच त्या म्हणाल्या. किल्ली देताना त्यांनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मला वाटलं, नवऱ्याची आठवण आली असेल.

दोन महिने बरे गेले. मग सुरू झालं. सकाळी किल्ली फिरवली की एका सेल्फमध्ये चालू. मोशी, चिंबळी, कुरुळी, सगळं झकास. हायवे सोडून एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला लागलं की एका बंद कंपनीची लांब भिंत लागते. त्या भिंतीपाशी आली की खेच कमी व्हायची. दोन आचके, आणि बंद. तेही रोज नाही. रोज झालं असतं तर तेवढी तरी खात्री.

तुझा दादा म्हणाला बॅटरी. नवी बॅटरी टाकली, बंद पडली. कुणी म्हणालं फिल्टर चोक झालाय. बदलला. टाकीत कचरा असेल म्हणून टाकी उतरवून धुतली. एकजण म्हणाला, टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय. झाकणही बदललं. झाकण नवं, टाकी चकाचक, आणि मी भर उन्हात रस्त्यात उभी, ओढणीने वारा घेत. त्या दिवसांत मी इतकी चिडलेली असायचे की वरणाला फोडणी देतानाही शिव्या द्यायचे. किचनमधल्या बायकांनाही पाठ झालं होतं: सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी बरी; फिरूनही गाडी घेत नाही म्हणजे डिझेल पोचत नाहीये.

शेवटी भोसरीतल्या दत्तोबा मिस्त्रींकडे नेली. साठीला आलेले, फार न बोलणारे. त्यांनी गाडी सुरू केली, डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं.

"ताई, एअर घेतीय कुठूनतरी."

"म्हणजे काय?"

"डिझेलच्या पायपात हवा शिरतीय. बघा आता."

त्यांनी रबरी पाइप काढून आरपार दिसणारा पाइप लावला. बुडबुडे दिसले. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. बुडबुडे यायचे, थांबायचे. यायचे, थांबायचे.

"असं सलग यायला पायजे," दत्तोबा म्हणाले. "हे तर..." पाना उचलून नट आवळायला लागले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मीही त्याच तालात श्वास घेत होते.

हवा कुठून शिरते ते काही सापडलं नाही. मग दत्तोबांनी मला ती काढायला शिकवलं. फिल्टरवर बटणासारखा हातपंप असतो. बाजूचा नट ढिला करायचा, पंप मारत राहायचा, फेस जाऊन नुसतं डिझेल आलं की नट आवळायचा.

"पर हे दोघांचं काम हाय, ताई. एकानं पुढं पंप मारायचा, एकानं आत सेल्फ. बॉनेट वर असलं की आतल्याला पुढचा दिसत न्हाई. म्हणून पुढच्यानं आधी इचारायचं, न्यूट्रल हाय का? गिअरमधी असली तर गाडी छातीवर येती."

मग मला केबिनमध्ये बसवून सराव करून घेतला. पुढून विचारायचे, "न्यूट्रल हाय का?" मी गिअरचा लिव्हर डावीउजवीकडे हलवून म्हणायचे, "आहे." मग ते म्हणायचे, "मारा."

इकडे कंपनीत कँटीन बघणारा स्वानंद, तुझ्या भाच्याच्या, सुजितच्या वयाचा, अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, दोनदा लेट झालं. तिसऱ्यांदा झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही." कंत्राट गेलं की सहा बायका घरी, हे त्याला सांगून काय उपयोग? मला मात्र ते दिवसरात्र दिसायचं.

एप्रिलमधला मंगळवार. बारा वाजून पाच मिनिटं. भिंतीपाशी दोन आचके, बंद.

दत्तोबांचा फोन लागेना. मी बॉनेट उघडलं, पंप मारला, नट आवळला, पळत आत येऊन सेल्फ मारला. नाही. परत खाली. परत वर. चार वेळा. अंगठा सोलला, कुर्त्यावर डिझेल. मागून वरणाचा वास येत होता आणि मला चक्क भूक लागली होती, याचाही राग आला. आत बसले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. काचेसमोर बॉनेट उभं, काळ्या फळ्यासारखं.

रडताना जाणवलं, रस्ता गप्प झालाय. कंटेनर नाही, हॉर्न नाही. आणि मग पुढून आवाज आला. फचक... फचक... फचक. कुणीतरी पंप मारत होतं. चुना लावलेल्या तंबाखूचा वास आत आला.

"न्यूट्रल हाय का?"

पुरुषाचा आवाज, दमलेला. मी डोळे पुसले, लिव्हर हलवला. "आहे!"

थोडं थांबून, "मार."

एका सेल्फमध्ये चालू. आभार मानायला उतरले तर पुढे कुणी नाही. भिंतीलगत सरळ रस्ता, लांबपर्यंत मोकळा. कुणी ट्रकवाला असेल, घाईत गेला असेल, असं मी ठरवलं. ठरवायला मला काय, साडेबाराला तीन मिनिटं असताना मी गेटवर होते.

नऊ दिवसांनी पुन्हा तीच भिंत. बारा सोळा. आणि आता जे केलं ते ऐकून तुला जसं वाटेल, तसंच मलाही आज वाटतं. मी बॉनेट उघडलं, पंपाला हातही लावला नाही, आणि आत जाऊन वाट बघत बसले.

रस्ता गप्प झाला. तंबाखूचा वास आला. फचक... फचक.

बॉनेट आणि काचेच्या मध्ये बोटभर फट असते. मी पुढे झुकून त्यातून पाहिलं. पंपाचं बटण खाली जात होतं. वर येत होतं. हात नव्हता.

"न्यूट्रल हाय का?"

घड्याळात बारा एकोणीस. वर्षाली, मी तेव्हाच दार उघडून पळायला हवं होतं. मी लिव्हर हलवला. ढिला, मोकळा. म्हणाले, "आहे..."

"मार."

मी मारला. गाडीने पुढे उडी घेतली आणि कशावर तरी आदळली. मऊ, जड काहीतरी. मी ब्रेक दाबला. उतरले. पुढे काही नाही, बंपरवर पोचा नाही, रस्त्यावर डाग नाही. लिव्हर मधोमध, न्यूट्रलला. मी बॉनेट लावलं, गाडी सुरू केली आणि साडेबाराला एक मिनिट असताना पोचले. जेवण वाढायलासुद्धा उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवण गाडीत भरून दहालाच दत्तोबांकडे गेले. म्हटलं, सव्वाअकराला सोडा मला. वाट बदलून जाईन, पण वेळेत. हात नसलेल्या पंपाचं काही बोलले नाही. गाडीने उडी मारली, एवढंच सांगितलं. त्यांनी लिव्हर खोलला आणि मला बोलावून दाखवलं. "लिव्हरखालचा बुश, हे कडं, पार झिजलंय, ताई. वर न्यूट्रल दिसतंय, आत गिअर पडलेलाच."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! निदान एका गोष्टीला कारण होतं, आणि ते हातात धरता येत होतं. त्यांनी नवा बुश टाकला. मग म्हणाले, आता हवा काढू, तुमी आत बसा. बॉनेट वर गेलं. पुढे पंपाचा आवाज सुरू झाला. बसल्या बसल्या मी इंदुताईंना फोन लावला. बुश आधीपासून खराब होता का, एवढंच विचारायचं होतं.

त्यांनी उलट मलाच विचारलं, "गाडी पुढे आली का?"

"हो. काल. चाकणला, त्या बंद कंपनीच्या भिंतीपाशी."

"कोण होतं पुढे?"

"कुणी नव्हतं."

"माझे हे होते, ताई... भिमाजी. त्याच भिंतीपाशी." श्वास घेऊन सावकाश बोलत होत्या. "ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं. दोन वर्षं आवाज नव्हता. गाडी बंद पडली की हे पुढून बॉनेटवर थाप मारायचे, मग मी सेल्फ मारायचे. त्या दिवशी थाप नाही आली... आवाज आला. न्यूट्रल हाय का म्हणून. मग मार म्हणून. मला इतका आनंद झाला हो... ह्यांना आवाज आला म्हणून. आणि मी मारला."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"घरात कुणाला पटलं नाही. मुका माणूस मार म्हणाला? वेडी झाली म्हणाले मला." मग एकदम घाईने, "ताई, तुम्हालाही ऐकू आलं ना? खरं सांगा. आलं ना?" रडत नव्हती ती बाई. आवाजात हसू होतं.

मी नुसती ऐकत होते. तोंडातून एक शब्द निघत नव्हता.

पुढे पंप थांबला होता.

"न्यूट्रल हाय का?"

दत्तोबाच, दुसरं कोण असणार? अकरा वीस झाले होते. हात आपोआप किल्लीवर गेला.

"मार."

दत्तोबा मला कधी मार म्हणत नाहीत. मारा म्हणतात. एका कान्याचा फरक. तिसरा उशीर, कंत्राट, सहा बायका, सगळं डोळ्यासमोरून गेलं, आणि मी किल्ली उपसून मुठीत धरली. दार ढकलून खाली उतरले.

दत्तोबा पुढे होते. अंग बंपरला टेकलेलं, डोकं पार इंजिनात. मला बघून सावकाश सरळ झाले. चेहरा उतरलेला.

"दत्तोबा, तुम्ही आत्ता मार म्हणालात?"

"मी कुठं काय बोललो?" फडक्याला हात पुसत ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "तुमीच म्हणालात की आतून. न्यूट्रल हाय, दत्तोबा, अजून जरा पुढं वाक." फडकं खांद्यावर टाकलं. "वाकलो मी. पर वाईट वाटलं, ताई. आजवर कधी तुमी मला अरेतुरे केलं न्हाई."