वरच्या खाचरातला राब

“गोरख, ही साडी घे आन् भोरला त्यांच्या घरी नेऊन दे! म्हणावं, लगीन मोडलं!”

गेनबामामांनी पोरासमोर पिशवी ओसरीवर आपटली. आतून साखरपुड्याची हिरवी साडी डोकावली. नलूताईने मानही वर केली नाही. कालपासून तिच्या तोंडून ना शब्द निघाला होता, ना पोटात घास गेला होता.

श्रावणी आतून धावत आली. भोरहून ती वेल्ह्याच्या खोऱ्यात मामाकडे आली होती, ती मुळी मामेबहीण नलूताईच्या लग्नासाठी! नवरदेव प्रद्युम्नदादा आपल्या वरिष्ठांबरोबर गावच्या जुन्या बारवेत उत्खनन करत होता. गाळातून त्याला काळ्या दगडाची हातभर उंच देवी सापडली, कडेवर बाळ घेतलेली, हजार वर्षांची! शाळेच्या खोलीत तिला कुलपात ठेवलं, किल्ली दादाच्या खिशात. काल सकाळी बघतात तो कुलूप जसंच्या तसं आणि देवी गायब! पोलीस दादाला घेऊन गेले. गावकरी तेव्हापासून रस्ता अडवून प्रत्येक गाडी तपासत होते.

“मामा, दादा चोर नाही हो!”

“मग कुलूप काय देवीनं आतनं उघडलं?” मामांचा आवाज फाटला. “गावात तोंड दाखवायला जागा न्हाई उरली, पोरी!”

 गोरखने पिशवी उचलली. एसटीचा थांबा टेकडीपलीकडे होता. श्रावणी आणि त्याची धाकटी बहीण सोनिया त्याच्यामागे निघाल्या. श्रावणी डोळे पुसत चालली होती. दादा आत, ताई अशी, आणि आपल्याच हातांनी हे लग्न मोडायला निघालो आहोत!

वरच्या खाचराशी ती थबकली. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्यासाठी रचलेला राब तिथे होता. शेण, फांद्या, पाला, गवत असे थर, आणि वर माती. चार दिवसांपूर्वी सगळ्यांनी मिळूनच तो रचला होता. दादाने माती आधी आणि पाला वर टाकला, तेव्हा नलूताई पोट धरून हसली होती!

“गोरख, आपण माती वर टाकली होती ना?”

“व्हय! माझ्या आबांनी दादांकडनं दाबून बी घेतली.”

“मग आज पाला वर कसा?”

तिघंही राबावर तुटून पडली. पाला, फांद्या, शेण... आणि शेणातून एक दगडी नाक वर आलं!

“देवी!” श्रावणी किंचाळली. गोरखने चटकन तिचं तोंड दाबलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“वरडू नगंस! आपल्या राबात घावली म्हणल्यावर आबांलाबी धरतील! समदं घरच चोर ठरंल!”

सोनियाने भोकाड पसरलं.  आणि ऊन कललं की मामा हा राब पेटवणार होते! जुना दगड आगीत तडकतो, दादा नेहमी सांगायचा.

“थांब!” श्रावणी एकदम म्हणाली. “राब जळणार हे गावात कुणाला ठाऊक नाही?”

“शेंबड्या पोराला बी ठाव हाय.”

“मग गावातला चोर इथे लपवेल का? दादाही नाही, त्याने तर स्वतः राब रचला! उरलं कोण?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दादाचे वरिष्ठ, पुण्याचे गंगाधर सर! कुलूप त्यांनीच नसरापुरातून आणलं होतं. कुलपाला दोन किल्ल्या असतात, पण सरांना विचारायची छाती एकाही मोठ्या माणसाची झाली नव्हती.

गुंडाळायला दुसरं काही नव्हतं. श्रावणीने पिशवीतली साडी ओढली, देवी तिच्यात लपेटली आणि करवंदीच्या जाळीत सरकवली. सोनिया राखणीला बसली. गोरखने राब पुन्हा तसाच चुकीचा रचला.

ऊन कललं. श्रावणी शाळेच्या ओट्यावर गेली. सर मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

“सर, राब बघायला चला ना!”

“राब? ते काय असतं?”

“शेतातले ते पाल्याचे ढीग हो! पेटवून देतात. मामांनी वरच्या खाचरातला पेटवलासुद्धा असेल!”

मोबाईल सरांच्या हातातून निसटला. चपला तिथेच टाकून ते पळत सुटले!

खाचरात धूर उठला होता. आग पसरू नये म्हणून शेजारीपाजारी ओल्या फांद्या घेऊन उभे होते. सर बांधावर आले आणि थांबले. गर्दी पाहून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

श्रावणी गर्दीतून पुढे सरकली. हे गप्पच राहिले तर? मग आपल्यावर कोण विश्वास ठेवणार? दादा कधीच सुटणार नाही!

ज्वाळा वर चढल्या. सरांच्या घशातून विचित्र आवाज निघाला आणि ते आगीकडे झेपावले.

“विझवा! पाणी आणा! नको, पाणी नको! फुटेल ती!”

“काय फुटंल?” मामा चकित झाले. “पाला?”

राबात देवी कशी सापडली, ते श्रावणीने सगळ्यांना सांगून टाकलं. पोलीसपाटील कुंडलिकराव पुढे झाले. सरांच्या खिशात एक किल्ली निघाली. त्या किल्लीने शाळेतल्या खोलीचं कुलूप सगळ्यांदेखत उघडलं.

संध्याकाळी दादा परतला, दाढी वाढलेला, खांदे पडलेले. मामा त्याच्यासमोर नुसते हात जोडून उभे राहिले.

“माझं चुकलं, जावईबापू,” ते कसंबसं म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“आमी मोठी माणसं आंधळी निघालो!” कुंडलिकराव म्हणाले. “पोरांनी गावाची अब्रू राखली!”

“मी जागची हालले बी न्हाई!” जांभळ्या तोंडाने सोनिया म्हणाली. करवंदं तिने तेवढी राखली नव्हती!

मामींनी देवीभोवतीची साडी सोडली. शेणाने माखलेली, काट्यांनी फाटलेली!

“अगं बाई! ही आता परत कशी करायची?”

“करायचीच न्हाई,” कोपऱ्यातून आवाज आला. कालपासून पहिल्यांदाच! नलूताईने साडी उचलून छातीशी धरली. “मी लग्नात हीच नेसणार.”

आणि दादाकडे बघून ती हसली, राब रचताना हसली होती तशीच.